हमी की आश्वासन? नव्या पेठेतील एका अभ्यासवर्गाविषयी

रशियाने परदेशांत केलेल्या लष्करी हस्तक्षेपांना अमेरिका कशी सामोरी गेली, या विषयावरचा चार रविवारांचा अभ्यासवर्ग नुकताच पुण्याच्या नव्या पेठेतील एका छोट्या सभागृहात झाला. मी चारही सत्रांना पूर्ण वेळ उपस्थित होतो. शुल्क बाराशे रुपये होते आणि त्यात छापील टिपणवही मिळाली. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ज्या शहरात अजून चालते, तिथल्या श्रोत्यांची अपेक्षा मोठी असते. म्हणूनच या वर्गात काय मिळाले आणि काय राहून गेले, हे सविस्तर लिहावेसे वाटते.

वक्ते राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते. अमेरिका रशियाला घाबरते किंवा रशियाला चिथावते, अशा दोन ठरीव मतांपैकी एकाचीही बाजू त्यांनी सुरुवातीला घेतली नाही. ज्याची किंमत मोजण्याची तयारी नाही असा शब्द अमेरिका वारंवार देत आली आणि त्या शब्दावर विसंबलेल्या छोट्या देशांनी ती किंमत मोजली, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र होते. मला ते पटले, कारण त्यांनी ते उदाहरणांनी सिद्ध करत नेले.

पहिल्या सत्रात १९५६ चा हंगेरी होता. तिथे सोव्हिएत वर्चस्वाविरुद्ध उठाव झाला होता, आणि अमेरिकेच्या पैशावर चालणाऱ्या रेडिओ फ्री युरोप या केंद्राच्या प्रक्षेपणांनी लोकांच्या आशा वाढवल्या होत्या. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये मोठ्या संख्येने घुसले, तेव्हा अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक दोन दिवसांवर आली होती, इजिप्तमधील सुएझ कालव्यावरून युद्ध पेटलेले होते आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्करी मदत केली नाही. अणुयुद्धाचा धोका पाहता तो निर्णय समजण्यासारखा आहे, पण मग आधी दिलेल्या प्रोत्साहनाचे उत्तर कोणी द्यायचे, हा वक्त्यांचा प्रश्न रास्त होता. १९६८ चे चेकोस्लोव्हाकियावरील सोव्हिएत आक्रमण त्यांनी दहा मिनिटांत संपवले. अफगाणिस्तानचा भाग मात्र उत्तम झाला. डिसेंबर १९७९ मधील सोव्हिएत आक्रमणानंतर अध्यक्ष कार्टर यांनी धान्यविक्रीवर निर्बंध घातले आणि मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. त्याच ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले होते, ही आठवण सभागृहातील अनेक ज्येष्ठांनी बोलून दाखवली. धान्यनिर्बंधाची झळ अमेरिकी शेतकऱ्यांना बसू लागल्यावर पुढचे अध्यक्ष रेगन यांनी एप्रिल १९८१ मध्ये तो उठवला, आणि तेव्हा सोव्हिएत सैन्य काबूलमध्येच होते. निर्बंध हे साधन पुढेही इतके का अडखळते, ते या एका उदाहरणातून स्पष्ट झाले.

दुसरे सत्र या वर्गाचा गाभा होते, आणि माझी सर्वांत गंभीर तक्रारही त्याच सत्राच्या टिपणांबद्दल आहे. डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट करारपत्रानुसार युक्रेनने आपल्या भूमीवरील सोव्हिएत काळातील अण्वस्त्रे सोडून दिली, आणि अमेरिका, ब्रिटन व रशिया यांनी त्याच्या सीमांचा आदर करण्याचे मान्य केले. इंग्रजी मसुद्यात अमेरिकेने ‘गॅरंटी’ हा शब्द टाळून ‘अशुरन्स’ हा शब्द वापरला, कारण पहिल्या शब्दातून संरक्षणाची लष्करी जबाबदारी सूचित झाली असती. युक्रेनियन मसुद्यात मात्र हमीचाच शब्द आहे. वक्त्यांनी यावर पाऊण तास दिला आणि तो सार्थकी लागला. तरीही टिपणवहीत या कराराचे भाषांतर ‘सुरक्षेची हमी’ असे छापले आहे! जो भेद समजावून देण्यासाठी एवढा वेळ खर्च झाला, तोच भेद वहीतून पुसला गेला आहे. वर्गाला न आलेला एखादा विद्यार्थी ही वही वाचेल तेव्हा अमेरिकेने लेखी वचन मोडले असे समजेल. खरी टीका वेगळी आहे आणि अधिक कठोर आहे: वचन वाटावे, पण वचन ठरू नये, असा शब्द जाणूनबुजून निवडला गेला.

याच सत्रात एप्रिल २००८ ची बुखारेस्ट परिषद आली. जॉर्जिया आणि युक्रेन अमेरिकेच्या पुढाकारातील नाटो या लष्करी आघाडीचे सदस्य होतील असे तिथे जाहीर झाले, पण जर्मनी आणि फ्रान्सच्या विरोधामुळे सदस्यत्वाकडे नेणारा कृतिआराखडा देण्यात आला नाही. त्यामुळे रशियाला डिवचले गेले आणि या दोन देशांना संरक्षणही मिळाले नाही. ऑगस्टमध्ये रशिया आणि जॉर्जिया यांच्यात पाच दिवसांचे युद्ध झाले. त्यानंतर सात महिन्यांतच, मार्च २००९ मध्ये, अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी जिनिव्हात रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह यांच्या हाती संबंध नव्याने सुरू करण्याचे प्रतीक म्हणून एक बटण ठेवले. जॉर्जियातून फुटलेले अबखाझिया आणि दक्षिण ओसेशिया हे प्रदेश तेव्हाही रशियन सैन्याच्या ताब्यात होते. या घाईतून मॉस्कोने काय निष्कर्ष काढला असेल, हे वक्त्यांनी श्रोत्यांवर सोडले आणि ते योग्यच केले.

तिसऱ्या सत्रात रशियाने २०१४ मध्ये युक्रेनकडून बळकावलेला क्रिमिया आणि सीरियातील रशियन हस्तक्षेप यांची मांडणी ठीक होती. ओबामा प्रशासनाने युक्रेनला घातक शस्त्रे नाकारली आणि जॅव्हलिन या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांची विक्री पुढे ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत मंजूर झाली, हा तपशील पक्षीय चष्म्यातून पाहणाऱ्यांना उपयोगी पडेल. नकाशे मात्र इतके फिकट होते की मागच्या रांगेतून पूर्व युक्रेनमधील डोनबास आणि क्रिमिया वेगळे ओळखता येत नव्हते.

चौथे सत्र घाईत उरकले गेले. फेब्रुवारी २०२२ मधील रशियन आक्रमणानंतर युक्रेनने मागितलेले रणगाडे, लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे आणि एफ-१६ विमाने यांना प्रत्येक वेळी आधी नकार आणि महिन्यांनंतर होकार मिळाला; २०२४ मध्ये सुमारे ६१ अब्ज डॉलरची मदत काँग्रेसमध्ये कित्येक महिने अडकली; आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत अमेरिकेने युक्रेनच्या ठरावाविरुद्ध, रशियाच्या बरोबरीने मत दिले. एवढा मजकूर चाळीस मिनिटांत बसत नाही. शिवाय इथे वक्त्यांचा तोल थोडा ढळला. वॉशिंग्टनच्या चुका मोजताना रशियाने केवळ प्रतिक्रिया दिली असा सूर लागला. आक्रमणाचा निर्णय क्रेमलिनचा होता, हे स्पष्ट शब्दांत सांगितल्याने अमेरिकेवरची टीका दुबळी होत नाही, उलट तिला विश्वासार्हता येते.

भारताला तर एकही सत्र मिळाले नाही, आणि पुण्यातील वर्गात ही उणीव फार खटकते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेसह श्रीमंत देशांच्या जी-७ गटाने रशियन तेलासाठी पिंपाला ६० डॉलरची कमाल किंमत ठरवली; तेल बाजारात येत राहावे पण रशियाचे उत्पन्न घटावे, हा त्यामागील हेतू होता. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र तेच तेल घेतल्याबद्दल अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लादले. वर्गाच्या मूळ सूत्राचा याहून जवळचा पुरावा कोणता असेल?

एवढ्या उणिवा असूनही बाराशे रुपये मला जास्त वाटले नाहीत, कारण दुसरे सत्र एकट्यानेच त्यांची भरपाई करते. वहीतील ‘हमी’ शब्द दुरुस्त करावा आणि भारतावर पाचवे सत्र ठेवावे, असे पत्र मी आयोजकांना दिले आहे. पुढच्या वर्गाला नाव नोंदवणाऱ्यांनी दुरुस्त प्रत मिळते आहे ना याची खात्री करून घ्यावी, आणि नकाशे दिसावेत म्हणून पहिल्या तीन रांगांत बसावे.