सेंटर स्पीकरची फसवणूक: खोका खरा, आतला माल खोटा

होम थिएटरसाठी वापरलेला सेंटर स्पीकर (पडद्याच्या मध्यावर ठेवायचा) घेणार असाल, तर तो एकटा वाजवून ऐकल्याखेरीज पैसे देऊ नका. टॉवर (पुढचे डावे-उजवे उंच स्पीकर) बंद, सबवूफर (तळाच्या घुमणाऱ्या आवाजाचा) बंद, फक्त सेंटर चालू, आणि त्यातून कुणीतरी साध्या आवाजात बोलतंय, असं ऐका. विकणारा टाळाटाळ करू लागला तर तिथूनच परत फिरा. मला भेटलेल्या माणसाने ही वेळच येऊ दिली नाही, आणि ते त्याने पूर्ण ठरवून केलं होतं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

माझी सिस्टिम हळूहळू जमत गेलेली. आधी एका खोक्यात सगळं येणारा 5.1 चा सेट (पाच स्पीकर आणि एक सबवूफर), मग वेगळा रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर), मग टॉवरची जोडी, नंतर सबवूफर, मग मागचे सराउंड. पैसे जमतील तसं एकेक. सेंटर शेवटी राहिला आणि तोवर कंपनीने ती सिरीजच बंद केली. ज्यांनी अशी भर घालत सिस्टिम केली आहे त्यांना यातली अडचण लगेच कळेल. सिनेमातले बहुतेक संवाद सेंटरमधून येतात, आणि पडद्यावर गाडी डावीकडून उजवीकडे गेली की तिचा आवाज पुढच्या तिन्ही स्पीकरमधून सरकत जातो. मधल्याचा पोत वेगळा असेल तर गाडी मध्येच बदलल्यासारखी वाटते. मागचे सराउंड दुसऱ्या सिरीजचे एक वेळ चालतात, पुढचे तीन मात्र एका घराण्याचे लागतात. म्हणून मी ओळखीच्या-अनोळखी सगळ्या शौकिनांकडे मॉडेल नंबर सांगून विचारत होते, आणि त्यातूनच हा माणूस आपणहून माझ्यापर्यंत आला.

सगळी सिस्टिम एकदम घेणाऱ्याला एक मॉडेल पटलं नाही तर दुसरं बघता येतं. आपल्याला नेमकी एकच वस्तू हवी असते, ती नव्याने मिळत नसते, आणि हे सगळं चौकशी करताना आपणच सांगून बसलेलो असतो. समोरच्याला आपलं मॉडेल माहीत, अडचण माहीत, आणि आपण किती दिवस शोधतोय तेही माहीत. त्याला फक्त "माझ्याकडे आहे, पण आणखी एकजण मागतोय" एवढंच म्हणायचं असतं.

त्याने स्पीकर ऐकवला, पण कसा ते बघा. त्याच्या सिस्टिममध्ये जोडलेला, रिसीव्हर सगळ्या स्पीकरना एकच स्टिरिओ आवाज देणाऱ्या मोडवर, आवाज बराच मोठा आणि ठोक्यांचं संगीत. अशा वेळी सेंटरमधून काय येतंय हे कुणालाच कळणार नाही. तळाचा सगळा भार सबवूफर उचलतो, वरचं टॉवर वाजवतात. शिवाय आवाज जरा मोठा असला की कानाला तो चांगलाच वाटतो, ही माणसाच्या कानाची जात आहे आणि विकणाऱ्यांना ती पक्की ठाऊक असते. मागच्या बाजूचं लेबल आणि सिरीयल नंबर मी तपासला, तो अस्सल होता. अस्सल असणारच, कारण खोका, म्हणजे स्पीकरची बाहेरची पेटी, कंपनीचाच होता.

घरी आणून रिसीव्हरच्या माइकने कॅलिब्रेशन केलं, म्हणजे सगळ्या स्पीकरच्या पातळ्या जुळवल्या, तेव्हा पहिली शंका आली. दोन्ही टॉवरच्या पातळ्या जवळपास सारख्या आणि सेंटरला मात्र त्यांच्यापेक्षा 6 डेसिबल जास्त द्यावे लागत होते. कंपनीच्या माहितीपत्रकात टॉवर आणि सेंटर यांची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच ताकदीवर किती मोठं वाजतात ते) जवळजवळ एकच दिलेली आहे. मग रिसीव्हरचा टेस्ट टोन लावला. तो खरखराट डाव्या टॉवरमधून सेंटरमध्ये गेला की बसका व्हायचा आणि उजव्यात पुन्हा मोकळा. संवाद तर भिंतीपलीकडून आल्यासारखे.

मी कळवल्यावर त्याची उत्तरं तयारच होती. आधी म्हणाला, स्पीकर बरेच दिवस पडून होता, शे-दोनशे तास वाजू द्या, मोकळा होईल. यात अडकू नका. नव्या स्पीकरची कोनाभोवतीची कड थोडी सैलावते हे खरं, पण 6 डेसिबलची तूट तासन् तास वाजवून भरून येत नाही. वस्तू परत घेण्याची बोललेली मुदत निघून जावी, एवढ्यासाठीच तो सल्ला असतो. नंतर म्हणाला, तुमचा रिसीव्हर कमी पडतोय, जास्त वॅटचा घ्या, माझ्याकडे एक आहे. हाही तसलाच प्रकार. वॅट दुप्पट केले तर जेमतेम 3 डेसिबल वाढतात, म्हणजे 6 डेसिबलसाठी चौपट ताकद लागेल. ज्या रिसीव्हरवर टॉवर सुखाने वाजतात त्यालाच तेवढ्याच सेन्सिटिव्हिटीचा सेंटर जड होईल, याला काही अर्थच नाही.

मग मल्टिमीटर लावला. माझ्या सेंटरमध्ये मधे ट्वीटर (वरच्या स्वरांचा) आणि दोन्ही बाजूंना एकेक वूफर (खालच्या स्वरांचा) अशी रचना आहे, आणि कंपनी तो 4 ओहमचा म्हणून देते. मीटरवर अशा स्पीकरचा रोध छापील आकड्यापेक्षा थोडा कमीच दिसायला हवा. माझ्या मीटरवर 6 च्या वर दिसत होता. दोन वूफर समांतर जोडले की रोध निम्म्यावर येतो, म्हणजे इथे दोघांपैकी एकच जोडलेला होता! जाळी काढून बोट टेकवलं, तर डाव्या वूफरचा कोन थरथरत होता आणि उजवा गप्प. स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या होत्या. उघडून पाहिलं तेव्हा ट्वीटर तेवढा मूळचा निघाला. दोन्ही वूफर भलतेच, इवलंसं चुंबक, मागे नाव नाही की नंबर नाही, आणि उजव्याला वायरच लावलेली नव्हती. क्रॉसओव्हरचा, म्हणजे वूफर आणि ट्वीटर यांना आपापले स्वर वाटून देणाऱ्या सर्किटचा, सगळा बोर्ड काढून नेलेला. त्याच्या जागी ट्वीटरला एक कपॅसिटर टाचलेला. वूफरपुढे वरच्या स्वरांना अडवणारी कॉइलच नसल्यामुळे तो सगळेच स्वर वाजवायला धडपडत होता. संवाद गढूळ का येत होते ते तिथे कळलं.

असं कुणी का करेल? सिरीज बंद झाली की तिच्या मूळ वूफरना आणि क्रॉसओव्हरना दुरुस्तीसाठी मागणी येते. मला वाटतं, त्याने आतले भाग एकाला विकले आणि रिकामा झालेला खोका दुसऱ्याला, म्हणजे मला. स्पीकरच्या धंद्यात खोक्यावर फसवणं जुनंच आहे. अमेरिकेत 1980 च्या दशकापासून पांढऱ्या व्हॅनमधून फिरणारे लोक "गोदामातून चुकून जास्त माल चढला" असं सांगून भपकेबाज दिसणारे टुकार स्पीकर रस्त्यात विकत आले, आणि पुढे तो प्रकार इतर देशांतही पसरला. तिथे निदान ब्रँड अनोळखी असतो. इथे नाव खरं, लेबल खरं, म्हणून हे जास्त घातक.

दुरून व्यवहार करत असाल तर वूफर खोलून त्याच्या मागचा फोटो मागा, चुंबक आणि छापलेला नंबर दिसेल असा, आणि त्याच फोटोत त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद. प्रामाणिक माणसाला चार स्क्रू काढायला जड जात नाही. वजन कंपनीच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहा. कमी भरलं तर प्रश्न विचारा, बरोबर भरलं तरी निर्धास्त होऊ नका, कारण खोक्यात वजन घालता येतं. फोमची कड असलेला जुना वूफर असेल तर ती बदलली आहे का, हेही विचारा. फोम वर्षांनुवर्षांनी भुगा होतो, तो नीट बदलला असेल तर काही वाईट नाही, पण ते लपवलं असेल तर आणखीही काही लपवलेलं असू शकतं.

त्याने सोबत "भेट" म्हणून स्पीकरची वायर दिली होती, तांब्याची म्हणून. चाकूने खरवडल्यावर आतून पांढरी निघाली, म्हणजे वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. अशी वायर लबाडी न करता तशीच सांगून विकली तर जवळच्या अंतराला चालतेही. फक्त रोध जास्त असल्याने ती तांब्यापेक्षा जाड घ्यावी लागते.

मीटरचे फोटो पाठवल्यावर तो म्हणाला, "स्क्रू तुम्ही उघडलेत, आता माझी जबाबदारी नाही." नंतर फोन उचलणं बंद. म्हणून हेही सांगते, उघडण्याआधी बाहेरून मीटरचं माप आणि टेस्ट टोन यांचा व्हिडिओ करा, आणि उघडतानाचाही, न थांबवता. पैसे थेट खात्यात पाठवलेले असतील तर ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा आणि पोलिसांत तक्रार द्या. माझी तक्रार दाखल आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. तो खोका मी कुणाला विकणार नाही. मागच्या लेबलवर पुसलं जाणार नाही अशा शाईने "आतले भाग मूळ नाहीत" असं लिहून ठेवलं आहे.

आणि सेंटर मिळेपर्यंत जीव टांगणीला लावू नका. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये "सेंटर नाही" असं निवडलं की तो संवाद दोन्ही टॉवरना सारखे वाटून देतो, आणि बरोबर मध्ये बसलेल्याला ते पडद्याच्या मधूनच येताना ऐकू येतात. बाजूला बसणाऱ्यांना ते जवळच्या टॉवरकडे सरकल्यासारखे वाटतात, एवढीच उणीव. मी सध्या असंच ऐकते आहे, आणि दोन चांगल्या टॉवरमधून येणारे संवाद त्या पोकळ सेंटरपेक्षा कितीतरी स्पष्ट आहेत.