शिंगणापूरच्या बंधाऱ्यावर पाच महिने: सात फुटी टेलिस्कोपिक रॉड आणि स्पिनिंग रील

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ मशीनवर असतो. त्यामुळं फिरणारी कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिचा प्ले, म्हणजे सांध्यातली ढिलाई, बघायची सवय आहे. नोव्हेंबरात 1,450 रुपयांना मासे धरायच्या रॉडचा आणि दोरी गुंडाळायच्या रीलचा हा सेट घेतला, तेव्हाही काउंटरवर पहिल्यांदा रीलची मूठ हलवून बघितली. खडखड अजिबात नव्हती. रॉड मिटवला की जेमतेम दीड फुटाचा होतो, सॅकमध्ये मावतो आणि गाडीवर आडवा धरून न्यावा लागत नाही. मूठ डावीकडं नाहीतर उजवीकडं, कुठंही लावता येते.

मी आणि मामा शिंगणापूरच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला बसतो. पावसाळा संपल्यावर बंधाऱ्याच्या गाळ्यांत बरगे, म्हणजे अडवायच्या फळ्या, घातल्या की पाणी तटतं आणि काठाशीच खोली मिळते. मामांची वेळूची काठी आणि तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, माझा हा नवा सेट. आमिष दोघांचं एकच, शेंगपेंड आणि मिसळीबरोबरचा उरलेला स्लाइस ब्रेड पाणी लावून मळायचा. नुसत्या कणकेपेक्षा हा गोळा गळावर जास्त वेळ टिकतो, हे मी खात्रीनं सांगतो.

या रीलची खरी परीक्षा झाली ती मार्चमधल्या एका दुपारी. ड्रॅग म्हणजे रीलच्या तोंडावरची ती चक्री. ती जेवढी आवळाल तेवढ्या ओढीला आतल्या चकत्या घसरतात आणि दोरी तुटायच्या आधी सुटायला लागते. मी स्प्रिंगचा काटा लावून दोन किलोवर ठेवला होता. मामा डबा उघडत होते, माझ्या हातात भाकरीचा तुकडा. एकदम रील किंचाळली. दोरी सरासरा निघाली आणि दगडाला टेकवलेला रॉड पाण्याकडं घसरला. मी भाकरी टाकून रॉड धरला.

मामा म्हणाले, "कटला हाय लेका, मोठा! ओढू नगंस, पळू दे त्येला."

पळू दिला. वीस फूट, चाळीस फूट. पण मासा एका चालीनं, न थांबता जातोय हे मनाला पटेना. कटला दम खातो, खाली बसतो, पुन्हा उसळतो. तेवढ्यात पल्याडच्या अंगानं हाक आली, "ओ पाव्हणं, म्हस हाय ती आमची! थांबा, दोरी ताणू नगासा!"

डुंबायला सोडलेली म्हैस आमच्या दोरीतनं पोहत गेली होती आणि शिंगाला वेढा बसला होता. मालकानं "ये चंद्रे, ये" म्हणून हाक मारली, तशी ती वळून थेट आमच्याच बाजूला आली. आता मला भराभर दोरी गुंडाळायची वेळ आली. काठावर येऊन ती शांत उभी राहिली, मामांनी शिंगाचा वेढा सोडवला. गळ मोकळाच लोंबत होता, तिला कुठं ओरखडासुद्धा नव्हता. मालक, मामा, मी, तिघंही पोट धरून हसलो आणि उरलेल्या भाकरीत मालकांनाही बसवलं. ड्रॅग आवळून ठेवला असता तर दोरी तुटून तिच्या शिंगाला तशीच राहिली असती. या किमतीत इतका मऊ सुटणारा ड्रॅग मी दुसरा बघितलेला नाही.

दुसरा प्रसंग माझ्या मुलीचा. तिनं स्वतः रील फिरवून चिलापी काढली, वीतभर असेल. गळ सोडवायला मी माशाचं तोंड उघडलं आणि आतून जिऱ्याएवढी पिल्लं ओल्या दगडावर सांडली. पोरगी ओरडली, "पप्पा, माशानं मासे खाल्ले!" खाल्ले नव्हते. चिलापीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडातच सांभाळते, संकट दिसलं की पिल्लं परत तोंडात शिरतात. मूळचा आफ्रिकेतला हा मासा, 1952 साली आपल्या देशात आणला. मुलीनं डब्याच्या झाकणात पाणी घेऊन एकेक पिल्लू बोटानं ढकललं, मादीच्या शेजारीच उथळ पाण्यात सोडलं. त्या दिवशी घरी मासा नेला नाही.

आता तक्रार. रॉडच्या शेंड्याची, दोरी ओवायची कडी नुसत्या डिंकासारख्या कशानं तरी चिकटवलेली आहे. दुसऱ्याच महिन्यात ती निसटून दोरीवरनं गळापर्यंत घसरत आली. दुकानात नेली तर "वापरानं होतं" एवढंच उत्तर मिळालं. हे मला पटलं नाही, पाच रुपयांच्या चांगल्या चिकटवणीत काम झालं असतं. सोबत आलेली दोरीही फेकून द्या, तिला वेटोळ्यांची आठवण राहते. मी 0.30 मिलिमीटरची नायलॉन भरली. वाळूच्या काठावर रॉड आडवा ठेवू नका, सांध्यात कण गेला की नळ्या अडकतात. घरी येऊन साध्या पाण्यानं धुवायचा, उघडाच वाळवायचा.

आणि तळ्यावर जाणार असाल तर आधी विचारून बसा, बऱ्याच तलावांचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडं असतो.

पाचपैकी चार तारे. एक तारा त्या कडीचा कापला. कडीसाठी मी जेवणाच्या सुट्टीत लेथवर पितळेची छोटी बाही काढली, शेंड्यावर घट्ट बसवली आणि एपॉक्सी भरली. तेव्हापासून हललेली नाही. मामांनी ती नखानं दोनदा ओढून बघितली आणि आता त्यांच्या वेळूच्या काठीलाही तसलीच एक करून मागितली आहे.