ग्रेहाऊंड शर्यतींचं एक वर्ष : डर्बीच्या रात्री आणि मधल्या वारच्या सकाळी

मी मिल्टन कीन्सला राहते. टोस्टर (Towcester) गावचा ग्रेहाऊंड, म्हणजे शर्यतीच्या कुत्र्यांचा, ट्रॅक इथून जवळच. २०२५ हे अख्खं वर्ष मी ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या ग्रेहाऊंड शर्यती मन लावून पाहिल्या, काही ट्रॅकवर जाऊन आणि बऱ्याचशा घरी बसून. इकडे नवीन आलेली मराठी मंडळी अधूनमधून विचारतात, "एकदा जाऊन यावं का?" म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मत आधीच सांगून टाकते. या एका नावाखाली दोन खेळ चालतात. एक संध्याकाळचा, माणसांसमोरचा. तो पाहावा असा आहे. दुसरा सकाळ-दुपारचा, सट्ट्याच्या दुकानांतल्या पडद्यांसाठी चालणारा. त्यात वर्षभर शोधूनही मला चांगलं काही सापडलं नाही. अडचण अशी की पहिला खेळ दुसऱ्याच्या पैशावर जगतो.

आधी ज्यांनी कधीच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी. वाळूचा लंबगोल ट्रॅक, सहा कुत्री, पुढे रुळावरून धावणारा यांत्रिक ससा. शर्यत घड्याळाच्या उलट दिशेने. अंगावरच्या जॅकेटचा रंग ट्रॅपप्रमाणे, म्हणजे कुत्रा ज्या नंबरच्या खोक्यातून सुटतो त्याप्रमाणे, ठरलेला: एक लाल, दोन निळा, तीन पांढरा, चार काळा, पाच नारिंगी, सहा काळे-पांढरे पट्टे. तोंडाला मुसकं. डर्बी म्हणजे इंग्लंडमधली सगळ्यात मोठी ग्रेहाऊंड स्पर्धा; टोस्टरला तिचं अंतर ५०० मीटर, आणि चांगला कुत्रा ते तीस सेकंदांच्या आत कापतो. मग साधारण पाव तास थांबायचं, तेवढ्यात ट्रॅक्टर वाळू सारखी करून जातो आणि पुढची सहा कुत्री समोरून फिरवून नेतात.

पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा शर्यतीसाठी एवढा वेळ थांबायचं? तो पाव तास कसा घालवायचा हे शर्यतीचं कार्ड, म्हणजे पळणाऱ्या कुत्र्यांच्या माहितीचा कागद, शिकवतं, आणि माझ्या मते या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट ते कार्डच आहे. प्रत्येक कुत्र्याच्या मागच्या काही धावांची एकेक ओळ असते. कोणता ट्रॅप होता, पहिल्यांदा विनिंग पोस्ट, म्हणजे शर्यत संपते तो खांब, ओलांडायला किती वेळ लागला, कोणत्या वळणावर कितवा होता, वजन किती भरलं, आणि शेवटी दोन-चार शब्दांचा शेरा. सुटायला उशीर. पहिल्या वळणावर कोंडी. बाहेरून धावला. शेवटी जोर लावला. हे शेरे अगदी आखूड करून छापलेले असतात, त्यामुळे सुरुवातीला काहीच कळत नाही. दोन महिन्यांत डोळा बसतो. एखादी कुत्री लागोपाठ पाचवी आलेली दिसते, पण दर वेळी शेरा कोंडीचा. सवय तिची बाहेरून पळायची, आणि आज तिला सहा नंबरचा ट्रॅप मिळालाय. असं काही हाती लागलं की त्या तीस सेकंदांत बघायला खूप काही असतं. वजनाचा नियमही कडक आहे: मागच्या धावेपेक्षा एक किलोहून जास्त फरक आढळला तर कुत्र्याला पळू देत नाहीत. ही कार्डं रेसिंग पोस्ट या शर्यतींच्या वृत्तपत्राच्या साइटवर मोफत मिळतात, ट्रॅकवर जायच्या आधी चार दिवस वाचून जा. आयर्लंडच्या कार्डांवर मात्र अंतर यार्डांत आणि वजन पाउंडांत असतं.

डर्बीबद्दल. इंग्लिश ग्रेहाऊंड डर्बी १९२७ पासूनची. आधी लंडनच्या व्हाइट सिटीला, ते १९८४ मध्ये बंद झाल्यावर विम्बल्डनला, आणि विम्बल्डनचा ट्रॅकही २०१७ मध्ये गेल्यावर कधी टोस्टर, कधी नॉटिंगहॅम करत २०२१ पासून पुन्हा टोस्टरला. विजेत्याला १,७५,००० पौंड. फेरीमागून फेरी चालते, दर आठवड्याला निम्मी-शिम्मी कुत्री गळतात, आणि अंतिम फेरीला पोचलेले सहा जण तोवर आपल्या ओळखीचे झालेले असतात. २०२५ मध्ये ट्रेनर पॅट्रिक यान्सेन्स यांचा ड्रूपीज प्लंज हा कुत्रा जिंकला. २०२१ चा विजेता थॉर्न फाल्कन हाही त्यांनीच तयार केलेला. आदल्या वर्षी डे लाहडेडाह या कुत्र्याने आयर्लंडमधल्या केरीहून येऊन डर्बी नेली होती. त्याचे ट्रेनर लियम डाउलिंग यांच्या कुत्र्यांच्या नावांपुढे लागणारं 'बॅलीमॅक' हे त्यांच्या बॅलीमॅकेलिगट गावावरून आलंय. ब्रिटनमध्ये पळणारी बहुसंख्य कुत्री जन्माने आयरिशच. कान उलटून पाहिले तर आयरिश कुत्र्याच्या दोन्ही कानांत गोंदलेली अक्षरं दिसतात.

माझा सल्ला असा की फायनलपेक्षा पहिल्या एक-दोन फेऱ्यांना जा. गर्दी बेताची असते, रेलिंगला अगदी पुढे उभं राहता येतं, आणि आजूबाजूला उभ्या असलेल्यांत अर्धे लोक त्या कुत्र्यांना पिल्लू असल्यापासून ओळखणारे असतात. त्यांना एक प्रश्न विचारा, ते वीस मिनिटं बोलतील. कुत्रा कोणत्या आईचा, तिची आई कशी पळायची, थंडीत याला खायला काय देतात. काचेमागच्या रेस्टॉरंटमध्ये बसून जेवता जेवता शर्यत बघायची सोय बऱ्याच ठिकाणी आहे, टेबलावरच येऊन पैजाही घेतात. पण ट्रॅपचा दरवाजा उघडल्यावर वाळूवर पडणाऱ्या पायांचा आवाज तिथे येत नाही, म्हणून मला ते आवडलं नाही.

डब्लिनचं शेलबर्न पार्क याहून सरस. १९२७ पासून चालू आहे, आयरिश डर्बी ५५० यार्डांवर तिथेच होते. ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसांमध्ये काम करणारी आपली कितीतरी मुलं-मुली तिथून चालत जाण्याच्या अंतरावर असतात. शनिवारी आजी-आजोबांपासून लहान पोरांपर्यंत सगळं घर आलेलं दिसतं. हरलेल्या कुत्र्यासाठीही टाळ्या पडतात.

इतिहासाची आवड असेल तर हर्टफर्डशरमधल्या ट्रिंगच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जाऊन या. प्रवेश मोफत. १९२९ आणि १९३० ची डर्बी जिंकलेला मिक द मिलर तिथे पेंढा भरून ठेवलाय. आयर्लंडच्या ऑफली काउंटीतल्या एका पाद्रीबाबांनी वाढवलेला हा कुत्रा त्या काळात ब्रिटनच्या घराघरांत माहीत होता. लागोपाठ ३२ शर्यती जिंकणारा बॅलीरेगन बॉबही तिथेच आहे.

आता दुसरा खेळ. मधल्या वाराच्या सकाळी कुठल्याही ट्रॅकवर जा. शर्यती चालू, दिवे चालू, कॅमेरे चालू आणि बघायला मोजकी माणसं. या शर्यती देशभरातल्या सट्ट्याच्या दुकानांत आणि मोबाइलवर दाखवण्यासाठी भरवतात. एका ट्रॅकवरची शर्यत संपते न संपते तोच दुसरीकडची सुटते, म्हणजे पैज लावणाऱ्याला मोकळा वेळच नको. घरून बघायचं म्हटलं तरी बहुतेक ठिकाणी सट्टा कंपनीत खातं उघडावं लागतं. घोड्यांच्या शर्यतींना सट्टा कंपन्यांकडून कायद्याने ठरलेली रक्कम मिळते. ग्रेहाऊंडच्या निधीत त्या स्वेच्छेने घालतील तेवढीच. म्हणून ट्रॅक चालवायचा तर सकाळच्या शर्यती विकणं भाग पडतं.

उन्हाळ्यात बाबा आले होते. आम्ही सांगलीकडचे, बैलगाडा शर्यती त्यांनी लहानपणापासून पाहिलेल्या. बंदीची वर्षंही पाहिली आणि मे २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा निकालही. डर्बीच्या फेऱ्या त्यांना फार आवडल्या. मग त्यांना मी एका सकाळच्या शर्यतींनाही घेऊन गेले. बराच वेळ रेलिंगला टेकून गप्प उभे होते. मग म्हणाले, "अगं, कुत्री झकास पळत्यात. पण मालक कुठाय? बैल हरला तरी मालक त्याच्या अंगावर हात ठिवून नेतो. हितं कुणाला काय फरक पडतोय, कोण आलं नि कोण पडलं?" बैलांचेही हाल होत होतेच, त्याशिवाय बंदी आली नव्हती, हे मी त्यांना म्हटलं आणि त्यांनी ते मान्यही केलं. पण त्यांचा प्रश्न खरा होता. ज्या शर्यतीला बघणारा नाही तिथे कुत्र्याचं काय होतं याची विचारपूस करणाराही जवळ नसतो.

आकडे या खेळाचं नियमन करणारी ग्रेट ब्रिटनची संस्था जीबीजीबी दरवर्षी स्वतःच जाहीर करते, आणि ही तिची जमेची बाजू मी मानते. २०२४ मध्ये परवानाधारक ट्रॅकवर कुत्र्यांच्या मिळून ३,५५,६८२ धावा झाल्या. जखमा ३,८०९. ट्रॅकवर मेलेली कुत्री १२३. २०१८ मध्ये जखमा ४,९६३ होत्या, म्हणजे त्या कमी झाल्यात. पण २०२३ मध्ये ट्रॅकवरचे मृत्यू १०९ होते, ते पुढच्या वर्षी वाढले. संस्था म्हणते, धावांच्या प्रमाणात जखमा एक टक्क्याच्या आसपास. गणित बरोबर आहे. तरी मी ते वर्षाच्या दिवसांत वाटून पाहिलं: रोज सरासरी दहा कुत्री जखमी होतात, आणि दर तीन दिवसांना एक ट्रॅकवर मरतं. हा आकडा मला विसरता येत नाही.

जखमा कुठे होतात हेही काही महिने बघितलं की कळायला लागतं. पहिलं वळण. सहाही कुत्री सशाच्या मागे एकाच जागेत घुसतात, एकाचा धक्का दुसऱ्याला. शिवाय सगळं धावणं डावीकडे वळत, त्यामुळे बाहेरच्या बाजूच्या, म्हणजे उजव्या मागच्या पायाच्या घोट्यावर फार ताण येतो, आणि तिथलं हाड मोडणं ही या खेळातली नेहमीची दुखापत. म्हणजे दोष नशिबाचा कमी आणि आखणीचा जास्त आहे. ऑस्ट्रेलियात हील्सव्हिलसारखे सरळ ट्रॅक आहेत, तिथे वळणच नाही. मला इथल्या चालकांना विचारावंसं वाटतं की शंभर वर्षांत ट्रॅकचा आकार बदलून पाहण्याची इच्छा कोणालाच का झाली नाही. ब्रिटनमधली लंबगोल ट्रॅकवरची पहिली शर्यत मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला २४ जुलै १९२६ रोजी झाली. म्हणजे शंभरी २०२६ ची, आणि बेल व्ह्यू २०२० मध्येच बंद पडलंय.

२०२५ हे वर्ष तसंही या खेळाला जड गेलं. जानेवारीत क्रेफर्डचा ट्रॅक बंद झाला आणि ग्रेटर लंडनमध्ये रॉमफर्ड तेवढं उरलं. १९३९ च्या डर्बी फायनलला व्हाइट सिटीत ९२,००० लोक आले होते, त्या शहराची ही गोष्ट. फेब्रुवारीत वेल्स सरकारने बंदी आणणार म्हणून जाहीर केलं आणि सप्टेंबरमध्ये विधेयक मांडलं. वेल्समध्ये ट्रॅक एकच, इस्ट्राड मिनाखचा. इंग्लंडमध्ये तसा विचार नसल्याचं लंडनच्या सरकारने सांगितलंय. आरएसपीसीए, डॉग्ज ट्रस्ट आणि ब्लू क्रॉस या मोठ्या प्राणीकल्याण संस्थांनी मात्र २०२२ मध्येच एकत्र येऊन पाच वर्षांत हा खेळ टप्प्याटप्प्याने बंद करा अशी मागणी केली होती. आयर्लंडमध्ये उलटं चित्र: तिथे सरकारच पैसा देतं, २०२५ साठी सुमारे १ कोटी ९८ लाख युरो. २०१९ मध्ये तिथल्या सरकारी वाहिनीने, आरटीईने, पुरेशी वेगवान नसलेली कुत्री हजारोंनी मारली जातात हे दाखवलं तेव्हा देश हादरला. त्यानंतर २०२१ पासून प्रत्येक कुत्र्याची जन्मापासून नोंद ठेवणारी यंत्रणा सुरू झाली. नोंद ठेवायला एवढा उशीर झाला याचा मला राग येतो.

शर्यतीतला कुत्रा साधारण चार वर्षांचा होईपर्यंत पळतो आणि जगतो बारा-तेरा वर्षं. म्हणजे त्याचं बहुतेक आयुष्य शर्यतीनंतरचं. ब्रिटनमध्ये २०२० मध्ये प्रत्येक कुत्र्यामागे सुरुवातीला ४०० पौंडांची ठेव ठेवण्याची योजना आली. निम्मी मालकाची, निम्मी जीबीजीबीची, आणि कुत्रा निवृत्त झाला की त्याला घर शोधणाऱ्या केंद्राला ती मिळते. योजना चांगली आहे, पण आठ-नऊ वर्षांच्या आयुष्यापुढे एवढे पैसे किती पुरणार? उरलेलं सगळं देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालतं.

पुढच्या वर्षी मी काय करणार हे ठरलंय. सकाळच्या शर्यती बघणार नाही, त्यांच्यावर एक पेनीही लावणार नाही, आणि सट्टा कंपनीतलं खातं बंद केलंय. डर्बीच्या फेऱ्यांना आणि शेलबर्नला जाईन, कारण ते लोक आणि ती कुत्री मला मनापासून आवडतात. पण सकाळचा व्यवहार बंद केल्याशिवाय जखमांचा आकडा खाली येत नसेल, आणि तो बंद केल्यावर संध्याकाळचा खेळ तगत नसेल, तर वेल्सचा निर्णय बरोबर आहे असं मी म्हणेन. डर्बी बुडाली तरी.

कोणी जाणार असेल तर दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. जूनमध्येही रात्री टोस्टरला वारा बोचतो, जाकीट न्या. पैज लावायचीच तर घरून निघतानाच रक्कम ठरवा आणि ती रोख न्या. आणि कुत्रा घरी आणायचा विचार असेल तर निवृत्त कुत्र्यांना घर शोधून देणाऱ्या ग्रेहाऊंड ट्रस्टच्या केंद्रात सुटीच्या दिवशी नुसतं फिरायला घेऊन जाता येतं का ते फोन करून विचारा. ही कुत्री दिवसातला बराच वेळ झोपून काढतात, फ्लॅटमध्येही नीट राहतात, भुंकतात कमी. घरात मांजर असेल तर ते आधीच सांगा. जिना बऱ्याच जणांनी आयुष्यात पाहिलेला नसतो, पहिले काही दिवस एकेक पायरी हाताने पाय ठेवून शिकवावी लागते.