सगळे गिटार अँप अनलॉक असलेला टॅबलेट घेतला आणि 48,500 गेले

लिहायला लाज वाटतेय, पण तो माणूस अजून विकतोय म्हणून लिहितो. टॅबलेट आणि गिटार इंटरफेस (गिटार टॅबलेटला जोडायची डबी) यांचे 42,000, नंतर स्टेजमागे उभं राहून पाठवलेले 6,500, एकूण 48,500. चौदा वर्षं गिटार वाजवतोय मी, काल सुरू केलेलं नाही.

ट्यूब अँप (अँप म्हणजे गिटारचा अँप्लिफायर) उचलून उचलून कंबर गेली होती, म्हणून अँपचा आवाज टॅबलेटवरच काढणारं अँप सिम्युलेटर ॲप वापरायचं ठरवलं. आधी जुन्या अँड्रॉइड टॅबलेटवर प्रयत्न केला, पण तार छेडली की आवाज मागून यायचा, त्याच्यावर ऱ्हिदम वाजवणं अशक्य. त्यामुळे जाहिरात दिसली, "लाइव्हसाठी तयार, अँप सिम्युलेटर ॲपमधले सगळे अँप, कॅबिनेट, पेडल विकत घेतलेले", तेव्हा लगेच मेसेज केला. भेटलो, मी माझी गिटार नेली होती, अर्धा तास वाजवून बघितलं. बफर (टॅबलेट आवाजाचा एका वेळी घेतो तो तुकडा) 128 वर, 48 किलोहर्ट्झला म्हणजे एका बाजूने 2.7 मिलिसेकंद उशीर, जाऊन-येऊन सगळं धरलं तरी 10 च्या आत. 10 मिलिसेकंद म्हणजे अँपपासून साडेतीन मीटरवर उभं राहून वाजवल्यासारखं, हाताला कळतसुद्धा नाही. हम नाही, खरखर नाही. कॅबिनेट सिम (अँपच्या स्पीकरपेटीची नक्कल) बंद करून खऱ्या गिटार अँपमध्ये लावून बघितलं, चालू करून पीएमध्ये (कार्यक्रमाच्या मोठ्या स्पीकरमध्ये) लावून बघितलं. आवाजाचं जे जे तपासायचं ते सगळं तपासलं. मूर्खासारखा घेऊन आलो नाही, एवढं तरी माझ्या बाजूने बोलू द्या.

पण तो क्षण डोळ्यासमोरून जात नाही. सेटिंग्जमध्ये गेलो तर सगळ्यात वर त्याच्या अकाउंटचं नाव. मी विचारलं, हे काढायला नको का? त्याने टॅबलेट माझ्या हातातून घेतला, अंगठा बरोबर त्या नावावर ठेवला आणि म्हणाला, "दादा, साइन आउट करू नका हं, केलं की घेतलेले सगळे अँप जातील." आणि हे अर्धं खरं आहे हो! ॲपमधली खरेदी ज्या अकाउंटने केली त्यालाच चिकटलेली असते, दुसऱ्याच्या अकाउंटवर जात नाही. मला हे माहीत होतं म्हणूनच पटलं. पण मग तो मला विकत काय होता? जे देताच येत नाही तेच ना? हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. पुढे म्हणाला पासकोड पण ठेवू नका, गाण्याच्या मध्येच स्क्रीन लॉक होईल. तेही पटलं. (त्यासाठी ऑटो लॉक बंद करतात, पासकोड नाही काढत. मला हेही माहीत होतं.)

अकरा दिवस मस्त चाललं. लाइव्हसाठी टॅबलेट एअरप्लेन मोडवर ठेवतात तसाच मी घरीही ठेवत होतो, म्हणून काही कळलं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी साउंडचेकला मॉनिटर मिक्स (स्टेजवर आम्हाला ऐकू येणारा आवाज) टॅबलेटवरून करायचा म्हणून वायफाय चालू केलं आणि पाचेक सेकंदात स्क्रीन काळी, त्यावर मेसेज: हा टॅबलेट हरवला आहे, या नंबरवर फोन करा. नंबर त्याचाच. फोन केला तर म्हणे "लायसन्स ट्रान्सफरचे 6,500 राहिलेत". चाळीस मिनिटांत स्टेजवर जायचं होतं, ड्रमर माझ्याकडे बघतोय, पाठवले. पैसे गेले, लॉक उघडलं नाही, फोन बंद. ड्रायव्हची पेडल थेट पीएमध्ये लावून वाजवलं, पत्र्याच्या डब्यासारखा आवाज आला आणि तो सगळ्यांनी ऐकला.

आता मदतीचं ऐका. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काही करू शकत नाही. जाहिरात जिथे होती ते म्हणतात पैसे आमच्यामार्फत दिले नाहीत. पोलिसांत गेलो तर माझ्याच हातातला टॅबलेट बघून हवालदार मला विचारतो, यावर हरवलाय असं लिहिलंय, मग तुमच्याकडे कसा? म्हणजे मीच चोर! दोन तास बाकावर बसवलं, अँप सिम्युलेटर काय असतं ते तीन जणांना समजावलं, आणि शेवटी "खाजगी व्यवहार आहे, आपसात मिटवा". कोणाशी मिटवू, तो फोन उचलत नाही! दुसऱ्यांदा गेलो तर साहेब रजेवर, तिसऱ्यांदा म्हणाले चॅट प्रिंट करून आणा, प्रिंट नेली तर म्हणे यावर तारीख दिसत नाही. अर्जाची पोच अजून दिलेली नाही.

ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे ॲपलचा टॅबलेट मालकाच्या अकाउंटशी बांधणारा लॉक, 2013 पासून आहे, आयओएस 7 पासून. तो विकणाऱ्यानेच काढावा लागतो, नाहीतर मूळ खरेदीचं बिल दाखवावं लागतं. जुना टॅबलेट घेताना समोर बसून पूर्ण इरेज करायला लावा आणि स्वतःच्या अकाउंटने सुरू करून बघा. त्याला कारणं सुचायला लागली की उठा. ॲपमधले अँप स्वतःच्या अकाउंटवर घ्या, थोडे घ्या पण स्वतःचे. आणि कार्यक्रमाच्या दिवशी कोणी पैसे मागितले तर एक रुपयाही पाठवू नका, त्याला तुमची वेळ माहीत असते. माझी मीच सांगितली होती त्याला, कौतुकाने.

काल तोच फोटो परत दिसला, दुसऱ्या नावाने. तेच लाकडी टेबल, डाव्या कोपऱ्यात तीच तडा गेलेली फरशी, आणि खाली लिहिलंय "लाइव्हसाठी तयार". मी रिपोर्ट केलाय, अजून जाहिरात तिथेच आहे.