पहिला अल्बम: वाट ‘द स्ट्रोक्स’ची की ‘इंटरपोल’ची?

गाणी बसली आहेत, वर्गणी जमली आहे, पण आवाज कसा ठेवायचा यावर बँडमध्ये एकमत होत नाही. पुण्यातल्या बऱ्याच नव्या रॉक बँडची गाडी इथेच अडते. अशा वेळी दोन अल्बम शेजारी ठेवून ऐकावेत: द स्ट्रोक्सचा ‘इज धिस इट’ (२००१) आणि इंटरपोलचा ‘टर्न ऑन द ब्राइट लाइट्स’ (२००२). दोन्ही बँड न्यूयॉर्कचे, दोन्ही अल्बम पहिलेच, दोन्हींत ११ गाणी. करण्याची रीत मात्र अगदी उलटी.

स्ट्रोक्सनी आधी निर्माता गिल नॉर्टनबरोबर रेकॉर्डिंग करून पाहिलं. ते मनासारखं झालं नाही, म्हणून ते दुसरा निर्माता गॉर्डन राफेल याच्या तळघरातल्या स्टुडिओत गेले. ड्रमला तीन माइक, बहुतेक वाजवणं सगळ्यांनी एकत्र, आणि गायक ज्युलियन कासाब्लँकसचा आवाज सरावाच्या छोट्या पीव्ही कंपनीच्या अँपमधून (अँप्लिफायर). सगळा अल्बम ३६ मिनिटांचा.

ही रीत स्वस्त आहे, सोपी नाही. किकला (पायानं वाजणारा मोठा ड्रम) एक, स्नेअरला (मधला कडक आवाजाचा ड्रम) एक आणि वर एक असे माइक लावले की समतोल ड्रमरच्या हातात जातो. हाय-हॅट (पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी) जोरात वाजली तर मिक्समध्ये, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना, ती खाली आणता येत नाही, कारण तिच्याबरोबर स्नेअरही खाली जातो. वरचा माइक स्नेअरपासून मीटरभर लांब असला तर त्यात आवाज सुमारे ३ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि दोन्ही माइक एकत्र ऐकताना स्नेअर पोकळ वाटू शकतो. पोलॅरिटीचं (माइकची ध्वनिलहर उलटी करणारं) बटण उलटसुलट करून ऐका आणि ज्या बाजूला स्नेअर भरीव लागेल ती ठेवा. गायकाचा आवाज अँपमधून हवा असेल तर तो आधी साधा रेकॉर्ड करा, मग तो ट्रॅक अँपमधून काढून पुन्हा माइकनं घ्या. म्हणजे खरखर जास्त झाली तरी मूळ आवाज हाताशी राहतो. इंटरफेसचं (माइक आणि कंप्युटर जोडणारी पेटी) आउटपुट गिटार अँपला फार जोरकस पडतं. मध्ये ते अँपला झेपेल इतकं उतरवणारा रीअँप बॉक्स हवा, नाहीतर आउटपुट शून्यावर आणून हळूहळू वाढवावं. आणि एकाच खोलीत सगळे वाजवत असतील तर एकाची चूक सगळ्यांच्या माइकमध्ये शिरते. टेक पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागतो.

इंटरपोलनी नोव्हेंबर २००१ मध्ये कनेटिकटच्या टार्क्विन स्टुडिओत निर्माते पीटर कॅटिस आणि गॅरेथ जोन्स यांच्याबरोबर काम केलं. अल्बम ४९ मिनिटांचा. दोन गिटार एकमेकींत गुंतलेल्या, बेस स्वतःची चाल घेऊन पुढे येणारा, आणि सगळ्याभोवती रिव्हर्बची (मोठ्या दालनातल्यासारखी घुमणारी आस) मोठी जागा. इथे खरा खर्च मिक्सिंगच्या दिवसांचा असतो. डिले (आवाजाचा उशिरा येणारा प्रतिध्वनी) अंदाजानं लावू नका, लयीवर बसवा: १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे पाऊण मात्रेचा डिले ३७५. रिव्हर्बमधला साधारण २५० हर्ट्झखालचा भाग कापावा, नाहीतर किक आणि बेस यांचा चिखल होतो.

यात पुण्यातल्या घरांची अडचण वेगळीच. पेठेतली किंवा कोथरूडमधली खोली बहुधा दहा बाय बाराची. बारा फुटांवरच्या भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा खर्ज घुमतो, दहा फुटांवरच्यांमध्ये ५६चा. बेसची मोकळी ए तार ५५ हर्ट्झची, म्हणजे ती वाजली की खोली गरजते आणि शेजारचा सूर बारीक लागतो. कोपऱ्यात गाद्या उभ्या केल्यानं वरच्या पट्टीचे आवाज दबतात, हा खर्ज नाही दबत. म्हणून अशा खोलीत बेस अँप-माइकशिवाय, डीआय बॉक्समधून (गिटारची तार सरळ रेकॉर्डिंगला जोडणारी पेटी) थेटच घ्यावा. शिवाय गणपतीच्या आधीचे दोनेक महिने नदीकाठी संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. त्या भागात असाल तर रेकॉर्डिंग सकाळीच उरकावं.

समीक्षकांनी दोघांनाही डोक्यावर घेतलं. ‘एनएमई’ या ब्रिटिश संगीतपत्रिकेनं स्ट्रोक्सना १० पैकी १० दिले आणि २००९ मध्ये तोच दशकातला सर्वोत्तम अल्बम ठरवला. ‘पिचफोर्क’ या अमेरिकी संगीत-संकेतस्थळानं स्ट्रोक्सना १० पैकी ९.१ आणि इंटरपोलना ९.५ दिले, शिवाय इंटरपोलला २००२ च्या यादीत पहिलं स्थान. नक्कल केल्याचा ठपकाही दोघांवर आला: स्ट्रोक्सवर टेलिव्हिजन आणि व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या जुन्या बँडची, इंटरपोलवर जॉय डिव्हिजन या बँडची. खरखरीत आवाज म्हणून कुणाचे गुण कापले गेले नाहीत, आणि नुसत्या रिव्हर्बला कुणी गुण दिले नाहीत. दोन्हीकडे पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत आवाज एकच राहिला, हे आमच्या मते महत्त्वाचं. अर्धी गाणी तळघरातली आणि अर्धी रिव्हर्बच्या धुक्यातली, असा अल्बम करू नका.

ड्रमर पक्का असेल आणि गाणी साडेतीन मिनिटांच्या आत संपत असतील तर स्ट्रोक्सची वाट धरा. गाणं दोन गिटारींच्या गुंफणीवर उभं असेल तर इंटरपोलची. पैसे कमी पडत असतील तर अकराऐवजी चारच गाणी करा, पण मिक्सिंगचे दिवस कापू नका.

तरीही ठरत नसेल तर सरावाच्या खोलीत मधोमध एक फोन ठेवून एक गाणं सलग वाजवा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. गायकाचे शब्द कळत असतील आणि पाय आपोआप ठेका धरत असेल, तर तीन माइक पुरतील.