टेकडीपर्यंत फायबर, पुढे रेडिओ: वाडीतील ब्रॉडबँडचे परीक्षण

दापोली तालुक्यातील आमच्या वाडीपर्यंत ऑप्टिकल फायबर टाकणे कोणालाच परवडत नव्हते, कारण मुख्य रस्त्यापासून पुढे सगळा जांभा खोदावा लागतो आणि घरेही विखुरलेली आहेत. स्थानिक पुरवठादाराने फायबर टेकडीवरील मनोऱ्यापर्यंत आणून तेथून सुमारे २ किलोमीटरचे अंतर ५ गिगाहर्ट्‌झच्या रेडिओने जोडले, हा मार्ग मला मनापासून पटला. २०१८ मध्ये या रेडिओलहरींच्या पट्ट्याचा मोठा भाग परवानामुक्त झाल्याने लहान पुरवठादारांनाही अशी सेवा देणे शक्य झाले आहे. छपरावर लोखंडी पाइपला कसलेला अँटेना, त्याला वीजही पुरवणारी एकच लॅन केबल आणि घरात नेहमीचा राउटर, एवढीच सामग्री लागते.

दिवसा ५० एमबीपीएसच्या योजनेत जवळपास तेवढा वेग मिळतो आणि व्हिडिओ कॉल अडखळत नाही; रात्री आठनंतर मात्र वेग निम्म्यावर येतो. जीपॉन, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत विभागून देणाऱ्या पद्धतीत, एका शाखेवर सुमारे २.५ गिगाबिटची क्षमता अनेक घरांत वाटली जाते, तर मनोऱ्यावरील रेडिओच्या एका सेक्टरला (एका दिशेची घरे सांभाळणाऱ्या अँटेनाला) काहीशे मेगाबिटांतच सर्वांना सांभाळावे लागते. त्यामुळे एका सेक्टरवर किती घरे जोडायची, याची मर्यादा पुरवठादाराने कटाक्षाने पाळायला हवी.

जोडणीचे काम उत्तम झाले. समोरचा मनोरा डोळ्यांना दिसला म्हणजे भागले, असे तंत्रज्ञाने मानले नाही. एवढ्या अंतरावर मध्यभागी लहरींना सुमारे ५ मीटर त्रिज्येची जागा लागते आणि तिचा बराचसा भाग मोकळा असावा लागतो, हे सांगून त्याने पाइप माडांच्या झावळ्यांच्या वर नेला. मग मोबाइलवर आकडा पाहत अँटेना केसभर इकडेतिकडे फिरवून सिग्नल उणे ७२ वरून उणे ५८ डीबीएमवर आणला (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचे माप; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरकस). या पट्ट्यात इतक्या अंतरावर नुसत्या पावसाने फारसे बिघडत नाही, पण भिजलेली पालवी आड आली की सिग्नल घसरतो. म्हणून ही उंची पावसाळ्यात फार कामी आली.

खरी उणीव विजेची आहे. घरी इन्व्हर्टर चालू असूनही मनोऱ्यावरील बॅटरी उतरली की सारी वाडी तुटते आणि अशा वेळी तक्रारीचा फोनही उचलला जात नाही. दरमहा पूर्ण शुल्क घेणाऱ्या सेवेत हे खपवून घेण्यासारखे नाही. मनोऱ्यावर मोठी बॅटरी आणि सौर पॅनेल बसवावे, अशी लेखी मागणी आम्ही वाडीकरांनी केली आहे. ती मान्य होईपर्यंत घरून नोकरी करणाऱ्याने मोबाइल डेटाची पर्यायी सोय ठेवूनच ही जोडणी घ्यावी.