इन्व्हर्टर ड्राइव्हच्या पीडब्ल्यूएमसाठी एफ२८३७९डी लाँचपॅड
इंडक्शन मोटरच्या इन्व्हर्टर ड्राइव्हवर (डीसीपासून हव्या त्या वारंवारतेचा एसी बनवून मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्रणेवर) काम करणाऱ्यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सी२००० मायक्रोकंट्रोलर मालिकेतील एफ२८३७९डी लाँचपॅड हा डेव्हलपमेंट बोर्ड अवश्य घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याच्या हाय-रिझोल्यूशन पीडब्ल्यूएमकडे पाहून नव्हे. पीडब्ल्यूएम म्हणजे पल्सची रुंदी बदलून सरासरी व्होल्टेज ठरवणे. हाय-रिझोल्यूशनची सोय पल्सची कड सुमारे १५० पिकोसेकंदांच्या पायऱ्यांनी सरकवते, हे खरे. परंतु १० किलोहर्ट्झच्या स्विचिंगला १०० मेगाहर्ट्झचा साधा अप-डाउन काउंटरच (शून्यापासून शिखरापर्यंत आणि परत मोजणारा) ५००० पायऱ्या देतो, म्हणजे इन्व्हर्टरला पुरवठा करणाऱ्या ५६० व्होल्टच्या डीसी बसवर एक पायरी ०.११ व्होल्टची पडते, आणि मोटरला तेवढे पुरते.

खरी चूक डेड टाइममध्ये असते. एकाच लेगमधले (बसवर एकावर एक जोडलेल्या जोडीतले) दोन्ही आयजीबीटी, म्हणजे स्विचचे काम करणारे ट्रान्झिस्टर, एकदम चालू होऊन बस शॉर्ट होऊ नये म्हणून २ मायक्रोसेकंदांचे अंतर, म्हणजेच डेड टाइम, ठेवले, तर त्याच बसवर सरासरी ११.२ व्होल्टची त्रुटी येते आणि ती नेहमी प्रवाहाच्या विरोधात असते. ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झची मोटर व्ही/एफ पद्धतीने (व्होल्टेज आणि वारंवारतेचे गुणोत्तर कायम ठेवून) २ हर्ट्झवर चालवताना, बूस्ट (कमी वेगाला दिलेले जादा व्होल्टेज) न धरता, फेज व्होल्टेजचे शिखर जेमतेम साडेतेरा व्होल्ट असते. त्यातून एवढा भाग गेला की शून्याजवळ प्रवाह सपाट होतो आणि शाफ्टवर मूळ वारंवारतेच्या सहापटीने टॉर्कचे हेलकावे जाणवतात.

ही त्रुटी भरून काढायची तर प्रवाहाची दिशा बिनचूक कळावी लागते, आणि येथेच या बोर्डाचे मोल आहे. एडीसीचे (मोजलेला सिग्नल अंकांत बदलणाऱ्या भागाचे) सॅम्पलिंग थेट काउंटरच्या शून्यावर किंवा शिखरावर सुरू करता येत असल्यामुळे स्विचिंगच्या लहरी टाळून प्रवाहाची सरासरी हाती येते. डेड बँडमध्ये (डेड टाइम ठेवणाऱ्या भागात) चढत्या आणि उतरत्या कडेचा विलंब वेगवेगळा देता येतो. शॅडो रजिस्टरमुळे (नवी किंमत योग्य क्षणापर्यंत धरून ठेवणाऱ्या जागेमुळे) नवी ड्युटी, म्हणजे पल्स चालू राहण्याचे प्रमाण, आवर्तनाच्या मध्येच लागू होत नाही. भरपाईचा कोड मात्र आपणच लिहायचा असतो. प्रवाह शून्याजवळ असताना त्याचे चिन्ह गोंगाटामुळे सतत उलटते, म्हणून तेथे भरपाई एकदम न बदलता उताराने बदलावी, असे मी आग्रहाने सांगेन.

बोर्डावर पॉवर स्टेज (मोटरला वीज देणारे स्विच) नाही आणि त्याचे सिग्नल ३.३ व्होल्टचे आहेत. त्यामुळे आयजीबीटी चालू-बंद करणारा आयसोलेटेड (विद्युतदृष्ट्या अलग) गेट ड्रायव्हर वेगळा घेणे भाग आहे. एकच मोटर चालवायची असेल, तर १०० मेगाहर्ट्झचा एफ२८००४९सी लाँचपॅडही पुरेसा आहे.